कर्त्या पुरुषासाठी फोन

१

कामतघर गावात फोनवर हळू बोलणारा माणूस कुणी पाहिलेला नव्हता. दोन्ही अंगांना कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने सकाळपासून खडखडायला लागतात, फळीवरची ताटं आपसूक थरथरतात, आणि शेजारणी भांडतात त्यासुद्धा हातवारे करून. अशा गल्लीत फोन आला की माणूस एका कानात बोट घालतो, दुसऱ्याला रिसीव्हर चिकटवतो आणि बेंबीच्या देठापासून ओरडतो. तुळजा भोईरही ओरडायची. सगळ्या आळीत फोन तिच्याच घरी, म्हणजे ओरडण्याचा मानही तिचाच.

फोन तसा तिच्या नवऱ्याच्या, विठूच्या नावावर होता. अर्ज केला तेव्हा मुलगा केसरीनाथ शाळेत जात होता. फोन आला तेव्हा तो वळ गावातल्या एका गोदामात सुपरवायझर झाला होता, आणि जन्मभर लूमवर राबलेल्या विठूचे दोन्ही कान तोवर पार गेले होते. "दात व्हते तवा चनं नव्हतं, चनं आलं तवा दात पडलं," असं विठू स्वतःच सांगायचा आणि हसायचा. सांगायचा म्हणजे ओरडायचा. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा झालाय ते कळत नाही.

लूमच्या खडखडाटात कामगार एकमेकांशी हातांनी बोलतात. ओठ बघून बोलणं ओळखतात. विठूनं ती भाषा घरी आणली होती. दोन बोटं हलवली की चहा, मूठ तोंडाशी नेली की जेवण, आणि कपाळावर अंगठा टेकवला की तुळजा, कारण तिचं कुंकू रुपयाएवढं असायचं. नवरा-बायको हातांनीच बोलत, हातांनीच भांडत आणि हातांनीच समजूत काढत. ते भांडण बघायला आळीतली पोरं दारात जमायची.

घर वरच्या मजल्यावर. पुढची खोली, तिच्यात दाराजवळ स्टुलावर फोन. मग आतली खोली. मग मागची गॅलरी, जिथं विठू दिवसभर मासेमारीचं जाळं विणत बसे. शेजारच्यांचे फोन भोईरांकडे यायचे. फोन आला की तुळजा म्हणायची, "थांब हां, बोलवते," रिसीव्हर स्टुलावर आडवा ठेवायची आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारायची. कुणाला बोलवायला सांगितलं आणि तुळजानं 'नाही' म्हटलं असं कधी झालं नाही. सगळ्यांत नेमाचा फोन समोरच्या घरातल्या सुरैयाचा. तिचा नवरा दाऊद रियाधला होता. शुक्रवारी लूम बंद असतात, बोलणं ऐकू येतं, म्हणून तो शुक्रवारीच फोन करायचा.

२

त्या वर्षी विकणाऱ्यांचे फोन नवीनच सुरू झाले होते. तुमच्या नंबराला बक्षीस लागलंय, पाण्याचा फिल्टर बघायला या, जोडीनं या. मुंबईची पोरगी आपल्याला 'मॅडम' म्हणते याची तुळजाला आधी मौज वाटली. मग मौज संपली. "नको गो बाय," म्हणून ती फोन ठेवून द्यायला शिकली.

एका दुपारी भांडी घासून ती जरा टेकत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार. भोईरांचं घर ना? घरातल्या कर्त्या पुरुषाशी बोलायचं होतं."

"मीच करती हाय. बोल काय तं."

"श्री. विठ्ठल भोईर. त्यांच्याशीच बोलायचं आहे."

"काय इकतेस?"

"ते त्यांनाच सांगायचं आहे."

"त्यांना आयकू येत न्हाय."

"अजिबात?"

"ढिम्म न्हाय."

"बरं," बाई म्हणाली. "मी पुन्हा करते."

तुळजानं फोन ठेवला आणि सुकट निवडायला घेतली. निवडता निवडता तिचा हात थांबला. खालचे लूम चालू होते. फळीवरची ताटं थरथरत होती. आणि तिनं कानात बोट घातलं नव्हतं. चुलीपुढं बसून पुटपुटावं तशा आवाजात ती बोलली होती, त्या बाईनंही आवाज चढवला नव्हता, आणि तरी अक्षर न् अक्षर कळलं होतं.

तिनं उठून नुसताच रिसीव्हर कानाला लावून पाहिला. लूमच्या आवाजात फोनची घरघरसुद्धा धड ऐकू येईना.

"नवी लाइन टाकली असंल," ती स्वतःशीच म्हणाली, आणि पुन्हा सुकटीपाशी बसली.

३

बाई पुन्हा फोन करत राहिली. कधी सकाळी, कधी दिवेलागणीला. तेच नमस्कार, तोच कर्ता पुरुष. तुळजानं 'राँग नंबर' म्हणून पाहिलं, 'नको' म्हणून पाहिलं, शेवटी आगरी शिव्यांची पोतडी मोकळी केली. ऐकून पोलिससुद्धा लाजला असता. बाई सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं. आता येतंय का त्यांना ऐकू?"

एका रविवारी केसरीनाथनं फोन घेतला. दोनदा 'हॅलो' म्हटलं आणि ठेवून दिला. "काय आवाजच येत न्हाय आई. लाइन खराब हाय."

"अरे, मना तं खणखणीत येतो!"

"तुजे कान मंग मुंबयपर्यंत पोचलेत," केसरीनाथ हसला.

मग तो शुक्रवार आला. लूम बंद होते. सुरैया ओढणीनं हात पुसत आली आणि स्टुलाशेजारी फतकल मारून बसली. दाऊदला सुट्टी मिळाली की नाही ते आज कळणार होतं. फोन वाजला, तुळजानं हसत उचलला, आणि हसू ओठांवरच राहिलं.

"नमस्कार. भोईरांचं घर ना?"

तुळजानं आपटून ठेवला. पुन्हा उचलला, तर बाई तिथंच होती. "मी थांबते," ती म्हणाली. समोरच्यानं फोन ठेवला नाही तर आपली लाइन मोकळी होत नाही, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तुळजा दर थोड्या वेळानं उचलून बघायची, आणि दर वेळी तोच आवाज म्हणायचा, "मी आहे अजून." अंधार पडेपर्यंत सुरैया बसून राहिली. मग उठली, जिना उतरली, आणि तिचं रडणं खालून वर ऐकू आलं. तुळजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री जेवताना तिनं ते केसरीनाथला सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या गोदामात पन येतात असले फोन. एकदम सोपं हाय. सांगायचं, तो मानूस मेला. नाव कापतात, परत करत न्हाय."

"जीभ झडंल तुजी! बापाला असं बोलतात?"

विठू मजेत भात कालवत होता. तिचा चेहरा बघून त्यानं भुवई उडवली आणि पंजा फिरवला, म्हणजे काय झालं? तुळजानं मान हलवली, काही नाही.

४

पण जिभेला हाड नसतं, ते काही खोटं नाही. पुढच्या आठवड्यात बाईनं पुन्हा लाइन धरून ठेवली. सुरैया दोनदा जिन्यापर्यंत येऊन, तुळजाचा चेहरा बघून परत गेली. तिसऱ्यांदा आली नाही. तेव्हा तुळजाचं डोकं सटकलं.

विठू गॅलरीत होता. मान वर केली असती तर त्याला तिचे ओठ दिसले असते, म्हणून ती भिंतीकडं वळून उभी राहिली. मंगळसूत्र मुठीत धरलं. आणि रिसीव्हरमध्ये म्हणाली, "फोन करू नको. वारले ते."

पलीकडं काहीच आवाज झाला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तुळजाला त्या आवाजाच्या मागचं ऐकायची सवड मिळाली. मागं काहीही नव्हतं. पंखा नव्हता, दुसरं माणूस नव्हतं, रस्ता नव्हता. रिकाम्या खोलीचासुद्धा एक आवाज असतो, तोही नव्हता.

"अरेरे," बाई म्हणाली. आणि मग, चांगली बातमी कळल्यासारखी, "म्हणजे आता त्यांना ऐकू येत असेल."

तुळजानं मंगळसूत्र आणखी घट्ट धरलं.

"बोलवा ना त्यांना. आता काही अडचण नाही."

तिनं रिसीव्हर आपटला. या वेळी लाइन गुमान तुटली. ती धावत गॅलरीत गेली. विठू जाळ्याची गाठ मारत होता. तिला बघून त्यानं दोन बोटं हलवली. तिनं चहा केला, दुप्पट साखर घातली, तो पीत असताना मीठ-मिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढली. विठूला वाटलं बायकोला प्रेम आलंय. त्यानं मिशीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजानं वऱ्हाळदेवीची ओटी भरली आणि आपल्या जिभेबद्दल माफी मागितली. घरी येताना तिला बरंच हलकं वाटत होतं.

५

दोन दिवसांनी फोन वाजला तेव्हा ती पीठ मळत होती. हात धुवायला उठणार, तोच गॅलरीतून विठूचा आवाज आला.

"तुळजे! काय वाजतंय गो?"

ती तशीच थिजून उभी राहिली. विठू जाळं टाकून उठला, दोन्ही खोल्या ओलांडून थेट स्टुलापाशी आला, आणि वाजणाऱ्या फोनवर त्यानं पंजा ठेवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मना आयकू आलं! तुळजे, मना आयकू आलं!"

तिनं त्याच्या कानामागं टाळी वाजवली. त्याला कळलं नाही. डब्याचं झाकण आपटलं, कळलं नाही. खाली सगळे लूम धडधडत होते, त्यांतला एकही त्याच्या कानात शिरत नव्हता. फोन तेवढा शिरत होता. तो लहान मुलासारखा तिला खुणावत होता, उचल, उचल.

तिनं पिठाच्या हातांनी उचलला.

"ताई, आहेत ना ते जवळ?"

"बाई, मी खोटं बोल्ली. तू लाइन सोडत न्हवतीस म्हनून बोल्ली. जित्ता हाय माजा घरवाला. हितं माज्या म्होरं उभा हाय. तुज्या पाया पडते."

"असं सगळेच म्हणतात," बाई मायेनं म्हणाली. "जीव मानत नाही. काळजी घ्या हं."

त्या दिवसापासून विठूनं गॅलरी सोडली. तो स्टुलाशेजारी येऊन बसायचा, वाट बघत. तुळजानं त्याला हातांनी बजावलं: हा फोन उचलायचा नाही, कधीच नाही, माझी शपथ. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं कबूल केलं. त्याला कारण कळलं नव्हतं. पण विठूनं दिलेला शब्द कधी मोडला नव्हता, लूमच्या मालकाला दिलेलासुद्धा.

फोन काढून टाकू या, असं तिनं केसरीनाथला सांगितलं. तो खुळ्यासारखा बघत राहिला. "इतकी वर्षं लाइनीत थांबून फोन भेटला, तो काढू? आनी सुरैयाभाभीचं काय?" त्याचंही खरंच होतं. मग तिनं आपल्यापुरता तोडगा काढला. फोनची वायर काढायची आणि फोन गोधड्यांच्या पेटीत घालून वर कुलूप. फक्त शुक्रवारी बाहेर काढायचा, सुरैयासाठी. तेवढा एक दिवस ती स्वतः फोनपाशी बसणार होती.

६

शुक्रवारी सगळं शांत होतं. लूम बंद असले की कामतघरातल्या माणसांना आपलेच कान गुणगुणल्यासारखे वाटतात. विठू भिंतीला टेकून बसला होता. फोन वाजला तशी त्याची मान वर आली. तुळजानं हातानंच त्याला बसवलं आणि छातीवर दगड ठेवून फोन उचलला.

"सलाम काकी. जरा सुरैयाला बोलवता का?"

पुरुषाचा आवाज. दाऊदचा. तुळजाचा जीव भांड्यात पडला. "थांब हां दाऊद, बोलवते," ती म्हणाली, रिसीव्हर स्टुलावर आडवा ठेवला आणि जिन्याकडं धावली.

"सुरैयाऽ! फोन! लवकर ये गो!"

समोरचं दार उघडलं. सुरैया ओल्या हातांनी गल्ली ओलांडायला लागली. तुळजा तिला घ्यायला दोन पायऱ्या उतरली, आणि तिथंच तिचा पाय थांबला.

दाऊदचा फोन यायचा तेव्हा आधी खरखर यायची. मग आपलेच शब्द फिरून आपल्या कानावर पडायचे. आणि दाऊद घसा फोडून ओरडायचा, "काकी, हाक मारा तिला, पैसं जातान माजे!" आज खरखर नव्हती. आज दाऊद शेजारच्या खोलीत बसल्यासारखा बोलला होता. आणि 'बोलवता का' असं त्या गड्यानं जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

ती वळली. तिच्या वयाला न शोभेल अशी धावत वर आली.

विठूनं फोन उचलला नव्हता. फोन उचललेलाच होता. त्यानं फक्त स्टुलावरचा रिसीव्हर घेऊन कानाला लावला होता. तो ऐकत होता. मालकापुढं उभा असल्यासारखी मान हलवत होता, आणि चेहऱ्यावर अशी नवलाई होती की क्षणभर तुळजाला तो लग्नातला विठू वाटला. तिला दारात बघून त्यानं मोकळ्या हाताचा अंगठा कपाळाला टेकवला. ही तुळजा. तो तिला सांगत होता की त्या बाईला, कोण जाणे.

"ठेव!" तुळजा किंचाळली.

विठू तिच्याकडं बघत बघतच हळू आवाजात फोनमध्ये म्हणाला, "हो. येतो."

मग त्यानं रिसीव्हर नीट जागेवर ठेवला.

सुरैया धापा टाकत आत आली. तिनं घाईघाईनं फोन उचलला, कानाला लावला, आणि त्यांच्याकडं पाठ करूनच म्हणाली, "कट झाला वाटतं."

"बस, सुरैया," विठू म्हणाला. "येईल पुन्हा फोन."

सुरैया गर्रकन वळली. मग तिला कळलं काय झालं ते, आणि ती आनंदानं ओरडली, "या अल्ला! काकी, काकांना आयकू आलं!"

७

डॉक्टरनं कानात नळी घालून पाहिलं, घड्याळ लांब लांब नेऊन पाहिलं. म्हणाला, असं होत नाही, पण झालंय खरं. केसरीनाथनं पेढे आणले आणि आळीभर वाटले. बाया येऊन तुळजाला म्हणू लागल्या, देवी पावली गो तुला. पुरुष येऊन विठूशी मुद्दाम हळू आवाजात बोलून बघत होते. विठू सगळ्यांना उत्तरं देत होता. हळू, स्वच्छ आवाजात.

तुळजा स्वतःला समजावत होती. कान आले, तर आवाज खाली येणारच. ऐकू येतं, तर टीव्हीवरचं शुद्ध बोलणं तोंडी बसणारच. बाईमाणसानं एवढं संशयी असू नये. पण चहाच्या वेळेला तिनं दाराशी उभं राहून दोन बोटं हलवली, तर विठू तिच्या बोटांकडं बघत राहिला. तिनं पुन्हा हलवली. मग मूठ तोंडाशी नेली. मग अंगठा कपाळाला लावला.

"हे काय करतेस हातांनी?" तो म्हणाला. "सरळ बोल ना."

तिनं चहा ठेवला. उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

त्यानं जाळं गुंडाळून माळ्यावर टाकून दिलं. गॅलरीत तो आता बसत नसे. पुढच्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसायचा आणि ऐकायचा. "खालचा तिसरा लूम बंद पडला," म्हणायचा. "सुरैया रडते आहे." आणि ते खरं असायचं. रात्री तुळजा श्वास रोखून अंथरुणावर पडे, तर अंधारात तो शेजारून विचारी, "झोप येत नाही का तुला?"

पुढच्या शुक्रवारी खरखर झाली, शब्द फिरून आले, आणि दाऊद ओरडला, "काकी, हाक मारा तिला, पैसं जातान!" तुळजानं त्याला आधी एकच विचारलं. गेल्या शुक्रवारी त्यानं फोन केला होता का? केला नव्हता. साहेबानं सोडलंच नव्हतं त्याला.

तिनं केसरीनाथला आतल्या खोलीत ओढलं. "तुजा बाप कंदी 'आहे' बोल्लाय का? 'पाणी' बोल्लाय का? काल मना 'कृपया' बोल्ला!"

केसरीनाथ हसला नाही. त्याला वाईट वाटलं होतं. "आई, सगला गाव खूश हाय. बाबा बरा झाला. तुलाच आनंद का न्हाय होत?"

माझ्या तोंडून गेलं आणि माझा माणूस तिकडं गेला, हे बोलून दाखवायचं तिला धाडस होत नव्हतं. बोललेलं खरं होऊन बसतं, एवढं तिला आता कळलं होतं. ती पदर तोंडाला लावून बाहेर आली. पुढच्या खोलीत तो बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि तो समजूतदारपणे हसत होता.

८

एके दिवशी भरदुपारी लाइट गेली. एकामागून एक लूम थांबत गेले, ताटं थरथरायची थांबली, आणि कामतघर चिडीचूप झालं. तो आतल्या खोलीत खाटेवर पडला होता.

फोन वाजला. आता पेटीत घालून उपयोग नव्हता, म्हणून तो स्टुलावरच असायचा. आज त्या बाईला सोडायचं नाही, पाया पडायचं, नाहीतर तिला हातोहात शाप द्यायचा, असं ठरवूनच तुळजानं रिसीव्हर उचलला.

तिच्या कानठळ्या बसल्या. रिसीव्हरमध्ये लूम चालू होते. एक-दोन नव्हे, शेकड्यांनी. इकडं सगळ्या गल्लीत एकही चाक फिरत नव्हतं, आणि फोनमध्ये अख्खा कारखाना धडधडत होता. त्या खडखडाटातून कुणीतरी जीव खाऊन ओरडत होतं.

"हॅलोऽ! कोन हाय? हॅलो!"

असा ओरडणारा माणूस जगात एकच होता.

"तुळजे! तू हायस का गो? मना काय बी आयकू येत न्हाय! ती बोल्ली आयकू येल, न्हाय येत! हितं निस्ते लूम हायत, मानूस दिसत न्हाय कोन! तुळजे!"

"मी हाय!" तुळजा ओरडली. "मी हाय, आयकते मी! विठू!" लग्नाच्या बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये. तिनं ते तोंड फाटेस्तोवर घेतलं. त्या शांत गल्लीत तिचा आवाज पार टोकापर्यंत गेला. समोर सुरैया दारात आली, खाली कामगार रस्त्यावर येऊन वर बघायला लागले.

"तू बोलतीस का गो? बोलतीस तं हात दाखव! मना दिसत न्हायस तू! मना घरी यायचंय!"

तिचा हात आपसूक वर गेला. अंगठा तिनं कपाळावर इतका दाबला की कुंकू फिसकटलं. तशी ती उभी राहिली, भिंतीपुढं, स्टुलापुढं. फोनला काय दिसणार होतं?

"तुळजे! हायस का?"

"हाय रं! हितंच हाय! हितंच—"

आतल्या खोलीत खाट करकरली. अनवाणी पावलं घाई न करता जवळ आली, आणि तिच्या खांद्यावर मागून एक हात पडला. ओळखीचा हात होता. लूमवर धावत्या धोट्याचा फटका बसून फुटलेलं नखसुद्धा जागच्या जागी होतं. दुसऱ्या हातानं त्यानं अलगद तिच्या मुठीतून रिसीव्हर सोडवून घेतला.

"एवढ्या मोठ्यानं कशाला ओरडतेस?" तो म्हणाला. "मला सगळं ऐकू येतं."